मोटेच्या नाड्यांचा पूल

घाटनांदूरच्या शिवलिंगअप्पांच्या गुरुपादला 'जमेल का?' असं कुणी विचारलं, की ते त्याला ऐकूच जात नसे. त्याच्या कानात शिरायचं ते एवढंच, की अमुक एक काम करायचं आहे. विहिरीत पडलेली शेळी वर काढायची असो, नाहीतर शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांपुढं उर्दूत भाषण ठोकायचं असो, गडी आधी 'हौ' म्हणून मोकळा व्हायचा आणि मग कसं करायचं याचा विचार करत बसायचा. शिवलिंगअप्पा दुकानाच्या गादीवर बसून गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या गुरुपादच्या अंगात निम्मं रगत हाय आन् निम्मी हिंमत. एखाद्या दिवशी रगत कमी पडंल." पण सांगताना मिशीतल्या मिशीत हसत.

सतरा वर्षांचा हा पोरगा शिकायला अंबाजोगाईला आत्याकडं राहायचा. अंबाजोगाईला तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. निजाम सरकारच्या जुन्या रिसाल्याची छावणी तिथून केव्हाच उठून गेली होती, पण घोडे फिरवायची लांबलचक मैदानं तशीच पडून होती. त्यातल्याच एका मैदानावर अर्जुनराव मास्तरांनी पोरांचं स्काउट पथक उभं केलं. मास्तर शिकवायचे हिशेब, पण त्यांचा सगळा जीव कवायतीत. खाकी चड्डी, गळ्यात रुमाल आणि हातात लाठी अशी आठ पोरं त्यांनी इतकी घोटून तयार केली होती, की मास्तरांच्या भुवईवरून पोरांना हुकूम कळायचा. गुरुपाद त्या टोळीचा नायक.

ह्या पथकाचं खास काम म्हणजे पूल. लाठ्या एकमेकींना बांधून दोन्ही काठांवर कात्रीसारख्या दोन उंच कैच्या उभ्या करायच्या. त्यांच्यावरून पाय ठेवायला एक जाड दोर ताणायचा, धरायला दोन बाजूंना दोन दोर, आणि तिघांना आडव्या दोऱ्यांनी सांधायचं. दोरांची टोकं मागं जमिनीत ठोकलेल्या मेखांना. बघता बघता गावच्या जयंती नदीवर पूल उभा राहायचा आणि त्यावरून माणूस चालत जायचा. दोर म्हणजे तरी काय, विहिरीची मोट ओढायचे नाडे! नेकनूरचे जमीनदार मोहनराव देशमुख यांनी आपल्या मळ्यावरचे तीन कोरे नाडे पथकाला दिले होते, कारण त्यांचा रामकिसन त्याच पथकात होता. रामकिसन गुरुपादच्याच वयाचा, पण अंगानं दीडपट. देशमुखाचा मुलगा असून टोळीचा नायक दुकानदाराचा पोरगा झाला, हे त्याच्या घशात अडकलेलं होतं. ते तो गिळतही नव्हता आणि ओकतही नव्हता.

सदतीस सालच्या थंडीत दिल्लीला साऱ्या हिंदुस्थानातल्या स्काउटांचा मेळावा भरणार होता. हैदराबाद संस्थानाची तुकडी जायची होती आणि पुलाची कीर्ती तिथवर पोचल्यामुळं मोमिनाबादच्या आठ पोरांनाही मंजुरी आली. हैदराबादकरांची गाडी वेगळ्या वाटेनं जाणार. ह्यांनी घाटनांदूरला गाडीत बसायचं, परळी-परभणीवरून मनमाडला उतरायचं, तिथून दिल्लीची गाडी धरायची आणि दिल्लीत तुकडीला जाऊन मिळायचं.

गुरुपादची आई केसरबाई स्टेशनावर आली होती. तिचा जीव खालीवर होत होता. "पौषात कुणी एवढं लांब जातं का रं? चांगल्या कामाला ह्या महिन्यात कुणी हात लावत न्हाई."

"मेळावा पौषातच हाय, आई. मी काय करू?"

"आन् कुणाच्या हातचं खाऊ नकोस. सोबत दिलंय ते पुरवून खा. पुढं आपलं आपण शिजवायचं."

गुरुपादनं मान हलवली. इंजिनानं शिटी दिली. खिडकीतून आठ डोकी बाहेर आली आणि ज्वारीची उभी रानं मागं पळायला लागली.

मनमाडला घात झाला. मालाच्या डब्यातून लाठ्यांचा भारा उतरवून घेताना मास्तर खाली उभे होते. भाऱ्याचा एक दोर सुटला आणि अख्खा भारा सरळ त्यांच्या पायावर आला. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या आणि पुढचा प्रवास विसरा म्हणून सांगितलं.

दवाखान्याच्या ओसरीवर मास्तर खाटेवर पडून होते. तोंड पांढरंफटक झालं होतं, पण आवाज कवायतीचाच होता. "गुरुपाद, संध्याकाळच्या गाडीनं पोरांना परत परभणीला घेऊन जा. एकेकाला घरी पोचव. मी आईबापांना शब्द दिलाय."

मागं सात पोरं उभी होती. रिसाल्यातल्या पेन्शनर स्वाराचा मुलगा दस्तगीर, पथकाचा बिगुल वाजवणारा, बोटानं बिगुलाची पितळ उगाच पुसत होता.

"गुरुजी, एक इचारू का?" गुरुपाद म्हणाला.

"विचार."

"पुलाच्या गाठी कोण मारतं?"

"तुम्ही मारता."

"कैच्या कोण उभ्या करतं? तंबू कोण ठोकतं? चूल कोण पेटवतं?"

"तुम्हीच. बरं मग?"

"मग आमी परत कावून जायाचं?"

मास्तरांना दुखत असूनही हसू आलं. "आणि हुकूम कोण देतं रे? ते काम लहान वाटतं का तुला?"

"न्हाई गुरुजी. पर ते शिकता येतं."

मास्तरांनी डोळे मिटले. पोरांना वाटलं त्यांना झोप लागली. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून गुरुपादच्या हातावर ठेवली. "दिल्लीत उतरल्याबरोबर तुकडीच्या प्रमुखांना भेट. खरं काय घडलं ते सांग. ते परत जा म्हणाले तर परत यायचं. आणि रामकिसनशी भांडू नकोस. पोरगा वाईट नाही. त्याला फक्त कुणाच्या मागं चालता येत नाही."

मास्तरांचा पुतण्या मनमाडच्या बाजारपेठेत कामाला होता. त्याला निरोप धाडून, तो येऊन खाटेपाशी बसल्यावरच पोरं स्टेशनावर गेली. दिल्लीच्या गाडीत गुरुपाद दारापाशी लाठ्यांच्या भाऱ्यावर बसून राहिला. भाऱ्याचे दोर त्यानं स्वतः दोनदा आवळून पाहिले.

दिल्लीची थंडी म्हणजे आपल्याकडची थंडी नव्हे. आपल्याकडं शेकोटीला बसलं की थंडी पळते. तिथं शेकोटीसुद्धा गारठलेली वाटायची. पण मैदानावर पाय ठेवला आणि पोरं थंडी विसरली. नजर पोचेल तिथवर तंबूच तंबू, प्रत्येक प्रांताची वेगळी कमान, वेगळे झेंडे. पंजाबी, मद्रासी, बंगाली पोरं, पार ब्रह्मदेशातून आलेली पोरं. कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं आणि सगळेच हसत होते.

हैदराबादच्या तुकडीचे प्रमुख शेरवानी आणि लाल रुमी टोपी घातलेले वयस्कर गृहस्थ होते. बोलणं साखरेत घोळलेलं. गुरुपादनं सलाम केला आणि मनमाडची हकीकत सांगितली.

"बहुत अफसोस हुआ, मियाँ," ते म्हणाले. "मगर उस्ताद के बगैर तुम्हारा अलग डेरा कैसे लगेगा? ऐसा करते, तुम लोगाँ को दो-दो करके हैदराबाद शहर के लड़कों में बाँट देते. आराम से रहो, मेला देखो."

"और पूल, साहब?"

"पूल रहने देव. बिना उस्ताद के कोई गिर गया तो जवाब कौन देगा?"

दोन-दोन करून वाटून टाकणार! म्हणजे पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसायचं आणि दुसऱ्यांचे खेळ बघायचे. गुरुपादच्या मागं उभ्या पोरांचे खांदे पडले. पण ह्याला 'जमणार नाही' ऐकूच येत नव्हतं, त्याला इलाज नव्हता.

"साहब, हमकू सुबह तक की मोहलत देव," तो म्हणाला. "सुबह आप मुआयना करो. डेरे में एक भी कमी दिखी तो जैसा बोले वैसा बाँट देव. नहीं दिखी तो हमारा डेरा हमारा, और पूल भी हमारा."

प्रमुखांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सुबह तक," ते म्हणाले.

कामाला लागायला हवं होतं. गुरुपादनं कामं वाटली. दोघांनी तंबू, दोघांनी चर, एकानं सरपण. रामकिसनला त्यानं पाणी आणायला सांगितलं आणि इतके दिवस घशात अडकलेलं बाहेर पडलं.

"मी पाणी आणू?" रामकिसन लाठी टेकून उभा राहिला. "गुरुजी असते तर ऐकलं असतं. तुजं कावून ऐकू बे? तुजा बाप तराजू धरतो. माझ्या बापाच्या दारात चार गावची माणसं उभी ऱ्हातात."

सगळी पोरं हातातलं काम टाकून बघायला लागली. गुरुपादच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जिभेवर असं काही आलं होतं, की ते बोलला असता तर पथक तिथंच फुटलं असतं. त्यानं दोन्ही बादल्या उचलल्या आणि स्वतः नळाकडं चालू लागला. नळ लांब होता. आपला तळ आणि नळ यांच्या मध्ये एक खोल नाला आडवा गेला होता, त्याला मोठा वळसा घालावा लागायचा. भरलेल्या बादल्या घेऊन तो परत आला, तेव्हा राग बराचसा वाटेत सांडला होता.

मग प्रश्न आला चुलीचा. घरून आणलेल्या दशम्या गाडीतच संपल्या होत्या. प्रत्येकाच्या आईनं निघताना तेच बजावलं होतं जे केसरबाईनं बजावलं होतं. मास्तर सोबत असते तर त्यांनी तीन चुली मांडून घेतल्या असत्या. लिंगायतांची एक, मराठ्यांची एक आणि दस्तगीरची एक. पण एका डेऱ्याला सरपण मिळालं ते एका चुलीपुरतं. वर सकाळी मुआयना, म्हणजे तपासणी. त्यात तीन चुली दिसल्या तर हा एक डेरा आहे असं कोण म्हणेल?

"चूल एकच मांडायची," गुरुपाद म्हणाला. "भाकरी ज्याला चांगली येती त्यानं करायची. कुणाला येती?"

पोरं एकमेकांकडं पाहू लागली. "मला येती," दस्तगीर हळूच म्हणाला. "पर माझ्या हातची तुमी..."

"कर."

दस्तगीरनं ज्वारीचं पीठ मळलं आणि भाकरी थापली. तव्यावर ती टम्म फुगली. पहिली भाकरी उतरली तेव्हा चुलीभोवती कुणी हलेना. गुरुपादलाही आई दिसत होती, स्टेशनावर पदर सावरत उभी असलेली. एवढी वर्षं जे मोडलं नाही ते मोडायचं, तर हात जरासा जड होतोच. त्यानं भाकरी घेतली, मोडली, चटणी लावून तोंडात घातली. मग एकेक हात पुढं झाला. घरी परतल्यावर त्यानं आईला हे आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. केसरबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "भाकरी मऊ होती का रं?" पण ती पुढची गोष्ट. त्या संध्याकाळी रामकिसन सगळ्यांत शेवटी चुलीजवळ आला, पाठ करून बसला आणि पोटभर जेवला. हात धुताना एवढंच म्हणाला, "लई जाड केल्यात बे."

सकाळी प्रमुख आले. तंबूचे दोर सरळ, चर खणलेला, भांडी उन्हात पालथी घातलेली, लाठ्या कैचीत रचलेल्या, आठ पोरं रांगेत. प्रमुखांनी चुलीपाशी वाकून पाहिलं. "एक ही चूल्हा?"

"हौ साहब. एकीच डेरा है तो एकीच चूल्हा."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं आलं म्हणावं, तर चूल विझून बराच वेळ झाला होता. जाताना ते थांबले. "पूल बाँधो. मगर हुकूम कौन देगा? तुम?"

मास्तरांच्या जागी उभं राहायचं कुणी, ह्याचा विचार गुरुपादनं केलाच नव्हता. त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून बाहेर पडलं, "रामकिसन देशमुख, साहब."

प्रमुख गेले. रामकिसन तरातरा पुढं आला. "मला इचारलं कावून न्हाईस?"

"इचारलं असतं तर न्हाई म्हणाला असतास."

"मग तू काय करणार?"

"तुजी जागा घेतो. मागच्या मेखेवर."

मागची मेख म्हणजे पुलावरची सगळ्यात कष्टाची जागा. सगळा ताण तिथं येतो. तिथं उभ्या असलेल्याला बाकीचा पूल दिसतही नाही. नाड्याचं टोक खांद्यावर घेऊन चिखलात पाय रोवायचे, एवढंच त्याचं काम. आजवर ती जागा रामकिसनची होती, कारण वजन त्याचं.

"आन् तुज्या आवाजानं नेकनूरची गुरं माघारी फिरतात," गुरुपाद म्हणाला. "आमी सात जण फिरणार न्हाई व्हय?"

रामकिसनला हसायचं नव्हतं, पण तोंडाचा एक कोपरा वाकलाच.

पहिल्या सरावाला त्यानं सगळं उट्टं काढून घेतलं. "गुरुपाद, झोपलास का बे? वढ!" आणि गुरुपाद ओढायचा. "गुरुपाद, पाय घसरतोय तुजा, दिसत न्हाई का?" आणि गुरुपाद पाय सावरायचा. पण दुसऱ्या सरावाला रामकिसनचं ओरडणं कमी झालं आणि बघणं वाढलं. हुकूम देणाऱ्याला सगळीकडं डोळे लागतात, हे त्याच्या ध्यानात यायला लागलं होतं. एकाची गाठ उशिरा पडली की सगळ्यांचं चुकतं. संध्याकाळी तो आपणहून गुरुपादजवळ येऊन बसला. "उजवीकडच्या कैचीला बांध दुहेरी घ्यावा का रं?"

"तू सांग. हुकूम तुजा हाय."

"दुहेरीच घेऊ," रामकिसन म्हणाला.

खेळांच्या दिवशी मैदानाच्या चारी बाजूंना माणसांची भिंत उभी होती. एका बाजूला गोऱ्या आणि काळ्या साहेबांच्या खुर्च्या. हैदराबादची पाळी आली, दस्तगीरनं बिगुल फुंकला आणि पोरं धावली. रामकिसन मध्यभागी छाती काढून उभा होता. "कैची!" दोन्ही कैच्या उभ्या राहिल्या. "नाडे!" नाडे साप सोडल्यासारखे सरसरत गेले. "ताण!" गुरुपादनं मागं मेख ठोकली, नाडा गुंडाळला, खांदा लावला. घड्याळ लावून बसलेल्या पंचाच्या कपाळाला आठी नव्हती. सगळं जयंती नदीवर व्हायचं तसंच होत होतं, उलट जरा लवकरच.

दस्तगीर पुलावर चढला. चार पावलं, पाच पावलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि गुरुपादला खांद्यावर काहीतरी वेगळं जाणवलं.

मेख वर येत होती.

आपल्याकडची काळी माती मेखेला चिकटून धरते. ही यमुनेकाठची भुसभुशीत, वाळूमिश्रित जमीन. सरावात नुसता रिकामा पूल ताणून पाहिला होता, वर कुणी चढलं नव्हतं, म्हणून हे कळलं नव्हतं. आता मेख बोटभर वर आली, मग दोन बोटं. गुरुपादनं नाडा अंगाभोवती घेतला, टाचा रुतवल्या. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की धरवेल. थोडाच वेळ धरायचंय. दस्तगीर पलीकडं गेला की झालं. तळहाताची साल निघाली, तरी त्याला वाटत होतं, धरवेल.

"थांब!"

रामकिसनचा आवाज सगळ्या मैदानावरून गेला. पुलाचा दोर हलकेच खाली आल्याचं त्यानं पाहिलं होतं.

"चालू ठेव!" गुरुपाद मागून ओरडला. "मी धरतो!"

"दस्तगीर, मागं फीर! हळू!" रामकिसननं गुरुपादकडं पाहिलंही नाही. "उतर खाली. गुरुपाद, त्यो उतरला की नाडा ढिला सोड."

हजारो डोळ्यांपुढं पूल ढिला सोडायचा! गुरुपादचं रक्त उसळलं. एवढ्या लांबून आलो ते हे दाखवायला? दस्तगीर अजून वर होता. ओढून धरलं असतं तर... आणि तेवढ्यात त्याची टाच हातभर सरकली. खांद्यावरच्या नाड्यानं त्याला उचलून पुढं टाकलं. पोटावर पडलेला असतानाही त्यानं टोक सोडलं नाही. बाकीच्यांतले दोघे धावत आले, नाडा धरला, आणि दस्तगीर माघारी येऊन खाली उतरला. धरवलं नसतं. ते जमिनीवर तोंड टेकल्यावर त्याला कळलं.

"मेखेमागं मेख ठोका," रामकिसन जवळ येऊन म्हणाला. आवाज आता चढा नव्हता. "तीन मेखा. एकीचं डोकं दुसरीच्या पायाला बांधा. तिरक्या ठोका. सावकाश. घाई न्हाई आपल्याला."

घाई होती. पंच घड्याळ बघत होता. लोकांच्या टाळ्या थांबल्या होत्या. पण पोरांनी सावकाश केलं. गुरुपादनं रक्ताळलेल्या हातांनी तिन्ही मेखा ठोकल्या, एकमेकींना बांधल्या आणि नाडा पुन्हा खांद्यावर घेतला. "तयार!" तो म्हणाला.

"ताण!"

ह्या खेपेला मेख जागची हलली नाही. दस्तगीर गेला, मग दुसरा गेला, मग तिसरा. मधोमध उभा राहून दस्तगीरनं बिगुल वाजवला, तेव्हा थांबलेल्या टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या आधीपेक्षा मोठ्या होत्या का, ते गुरुपादला सांगता आलं नसतं. त्याला पूल दिसत नव्हता. त्याला खांद्यावरचा नाडा तेवढा कळत होता, आणि नाडा आता गप्प होता.

नंबर काही आला नाही. वेळ फार गेला होता. संध्याकाळी गुरुपादच्या तळहातांना हळद लावून रामकिसननं आपल्याच रुमालानं ते बांधले.

"बरं झालं थांबवलंस," गुरुपाद म्हणाला. "माझ्यानं थांबलं नसतं."

"ठावं हाय मला," रामकिसन गाठ मारत म्हणाला. "आन् नाडे आमच्या घरचे हायत. तुटले असते तर बानं मला मोटेला जुंपलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख आले ते एका गोऱ्या अधिकाऱ्याला सोबत घेऊन. नळाच्या वाटेवरचा तो नाला सगळ्यांनाच छळत होता. पाण्याला जाणारी पोरं, सरपणाचे भारे, निरोपे, सगळ्यांना वळसा घालावा लागायचा. "मियाँ," प्रमुख म्हणाले, "साहब पूछते, तुम्हारा पूल उस नाले पर खड़ा होगा क्या? मेला खतम होने तक?"

गुरुपादनं 'हौ' म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. वळून म्हणाला, "रामकिसन, जमीन बघून यायची का आधी?"

दोघं नाल्यावर गेले. काठ चाचपला, लाठी खुपसून पाहिली. एका बाजूला बाभळ होती, तिच्या बुंध्याला एक टोक बांधता येणार होतं. दुसऱ्या बाजूला तीनऐवजी पाच मेखा. परत येऊन रामकिसन म्हणाला, "खड़ा होगा, साहब." आणि दुपारी नाल्यावर पूल उभा राहिला.

मग जी रांग लागली! पुलाच्या तोंडाशी आठांतला एक जण पाळीनं उभा राहून लोकांना सोडायचा. एका वेळी एकच माणूस. उंच पंजाबी पोरं लटपटत आणि आरडाओरडा करत गेली. मद्रासी पोरं बादली डोक्यावर घेऊन थेंब न सांडता गेली. ब्रह्मदेशातली दोन पोरं मध्येच थांबून झोके घेऊ लागली, तेव्हा रामकिसननं असा आवाज टाकला, की भाषा न कळूनही ती पळतच पलीकडं पोचली. एक जाडजूड गोरा स्काउटमास्तर निम्म्यात जाऊन अडकला. त्याला पुढंही जाता येईना आणि मागंही. दस्तगीर त्याच्यामागं जाऊन त्याच्या पाठीला हात लावून पलीकडं घेऊन गेला. तो माणूस त्यानंतर रोज उगाचच पुलावरून जायचा. मेळावा संपेपर्यंत मैदानावर "मोमिनाबाद ब्रिज" म्हटलं की कुणीही बोट दाखवायचं. मोमिनाबाद कुठं आहे, हे मात्र त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

परतीच्या गाडीनं पोरं घाटनांदूरला उतरली तेव्हा दुपार होती. अर्जुनराव मास्तर आधीच परतले होते. ते अंबाजोगाईहून बैलगाडीत पाय लांब करून बसून आले होते. शिवलिंगअप्पा दुकान नोकरावर टाकून हजर होते. नेकनूरहून मोहनराव देशमुखही आले होते, आणि मंजुळाबाई, त्यांच्या पत्नी, रामकिसनला दहा वर्षांनी भेटत असल्यासारख्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"कसं झालं?" मास्तरांनी विचारलं.

"रामकिसननं हुकूम दिले, गुरुजी," गुरुपाद म्हणाला.

मास्तरांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

शिवलिंगअप्पांना मात्र राहवेना. दिल्लीला जाऊन आलेला त्यांच्या घराण्यातला हा पहिलाच माणूस. "लाल किल्ला कसा हाय रं? लई मोठा?"

पोरं एकमेकांकडं पाहू लागली.

"लांबून बघितला," रामकिसन म्हणाला. "गाडीतून."

"आन् कुतुबमिनार?"

"त्यो बी न्हाई."

"मग दिल्लीत एवढे दिवस तुमी केलं काय?" अप्पा वैतागून म्हणाले.

आणि आठही पोरं एकाच वेळी बोलायला लागली.